सुरू होतानाच अडकणारा गेम: काही महिने खेळून झाल्यावरचा अनुभव

गेम चांगला आहे, हे आधीच सांगतो. फुटबॉलचा आहे, बऱ्याच वर्षांपूर्वीचा आहे, आणि आमच्या दुकानातल्या साध्या मशीनवर आता लोण्यासारखा चालतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जी अडचण आली ती या एकाच गेमची नाही. मराठीत विंडोज वापरणाऱ्या कुणालाही ती येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि शाहू स्टेडियमवर लीग सुरू झाली की पेठेतल्या मंडळांचे फ्लेक्स. मशीन पूर्ण मराठीत आहे: मेन्यू मराठी, फोल्डरांची नावं मराठी, आणि लॉगिनचं खातं ‘दुकान’. रात्री काम आटोपलं की तासभर खेळायचं, एवढ्यासाठी गेम घेतला.

इन्स्टॉल कुठेही न अडखळता झालं. आयकॉनवर डबल क्लिक केलं, पडदा काळा झाला, मधोमध कंपनीचा लोगो आला आणि तिथेच थांबला. आवाज नाही, एरर नाही. माऊसचा बाण तेवढा हलत होता. मशीन रीस्टार्ट करा, पुन्हा तोच लोगो.

चौकशी केली तर प्रत्येकानं खर्चाचाच रस्ता दाखवला. एकजण म्हणाला रॅम कमी पडतेय, दुसरा म्हणाला ग्राफिक्स कार्ड बदला. पण याच मशीनवर मी वीस फुटी फ्लेक्सच्या फाईली उघडतो. त्यामुळे मशीन कमकुवत आहे, हे मनाला पटेना.

इथे एक गोष्ट आवर्जून करा. गेम अडकलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि गेमच्या ओळीत सीपीयू आणि डिस्कचे आकडे बघा. आकडे वरखाली होत असतील तर गेम काहीतरी काम करतोय, त्याला वेळ द्या. नवे गेम पहिल्यांदा सुरू होताना ग्राफिक्सची तयारी करतात आणि त्यात बरीच मिनिटं जाऊ शकतात. दोन्ही आकडे शून्यावर चिकटून बसले असतील, तर गेम कशाची तरी वाट बघत खोळंबलाय. माझ्याकडे शून्य होतं. अशा वेळी रॅम वाढवून काही उपयोग होत नाही.

मग एकेक शक्यता काढत गेलो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत केला. गेमच्या फाईली तपासून घेतल्या, शाबूत होत्या. डिझाईनचा पेन टॅब्लेट आणि प्रोटेक्शन डाँगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी चावी) काढून ठेवले, कारण काही जुने गेम सुरू होताना यूएसबीला लावलेली उपकरणं तपासतात आणि एखाद्यावर अडकून पडतात. अँटीव्हायरसमध्ये गेमला सूट दिली. तरी लोगो जागचा हलेना.

उलगडा भाच्यानं केला. तो इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आला होता. गेमच्या फोल्डरमध्ये एक छोटी लॉग फाईल, म्हणजे गेमनं काय काय केलं त्याची नोंद, होती, ती त्यानं नोटपॅडमध्ये उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “मामा, हे बघा. युजर्सच्या पुढे काय आलंय?”

तिथे, म्हणजे माझ्या खात्याच्या फोल्डरचं नाव यायला हवं त्या जागी, पाच प्रश्नचिन्हं होती.

‘दुकान’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण कॉम्प्युटर द, उकार, क, काना आणि न असे पाच वेगळे संकेत मोजतो. हा गेम युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आपापला संकेत देणारी व्यवस्था) न जाणणाऱ्या जुन्या पद्धतीनं फोल्डरचा पत्ता वाचत होता. त्या पद्धतीत रशियन, ग्रीक, अरबी, थाई यांच्यासाठी विंडोजमध्ये कोडपेज, म्हणजे अक्षरांच्या संकेतांचे तक्ते, आहेत. मराठी-हिंदीसाठी तसं एकही नाही. म्हणून प्रत्येक संकेताच्या जागी एक प्रश्नचिन्ह आलं. आणि विंडोजमध्ये फाईलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. डॉक्युमेंट्समध्ये सेटिंगची फाईल बनवायला गेम निघाला, तो पत्ताच अस्तित्वात नव्हता, आणि पुढे काय करायचं हे बनवणाऱ्यांनी लिहून ठेवलेलं नव्हतं.

याचा मला मनापासून राग आहे. देवनागरी युनिकोडच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत आहे आणि विंडोजमध्ये विंडोज 2000 पासून आहे. हा गेम त्यानंतर कित्येक वर्षांनी बनला.

उपाय मात्र फुकटात झाला. नुसतं खात्याचं नाव बदलून भागत नाही, कारण दर्शनी नाव बदलतं पण युजर्समधलं फोल्डर जुन्याच नावाचं राहतं. म्हणून रोमन अक्षरांत नाव देऊन नवं लोकल खातं उघडलं, त्यात लॉगिन केलं, आणि गेम पहिल्या क्लिकला मेन्यूपर्यंत गेला. मग त्या खात्याचं दर्शनी नाव मराठीत करून घेतलं. फोल्डर रोमनच राहिलं, लॉगिनच्या पडद्यावर मात्र मराठी दिसतं. कामाचं खातं जसंच्या तसं आहे.

विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये सगळीकडे यूटीएफ-8 (युनिकोड साठवण्याची पद्धत) वापरण्याचा एक बीटा पर्याय आहे, त्यानंही अशी अडचण सुटू शकते. आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांनी तो जपून वापरावा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टवर चालणारी जुनी सॉफ्टवेअर जुन्या कोडपेजच्याच भरवशावर असतात. तो पर्याय निवडला तर वर्षानुवर्षांच्या पत्रिकांचा मजकूर वेडावाकडा दिसण्याचा धोका आहे. मी त्याला हात लावला नाही.

तेव्हापासून गेम नियमित चालू आहे. मध्ये एकदा खेळताना लाईट गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लोगोवर अडकला. सेव्ह केलेल्या मॅचेसची कॉपी बाजूला ठेवून फक्त सेटिंगची फाईल काढून टाकली. गेमनं ती नव्यानं बनवली आणि सुरळीत चालू झाला.

खेळ म्हणून सांगायचं तर पासिंग अप्रतिम आहे. पावसाळी मैदानावर चेंडू जड होतो, ते तर अगदी खरं वाटतं. कॉमेंटरी लवकर कंटाळा आणते. संघ स्वतः बनवता येतो, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. आपल्या तालमींचे संघ मी जर्सीसकट उभे केलेत आणि भाचा आला की पाटाकडील विरुद्ध खंडोबा होतंच. नावं मात्र रोमनमध्येच टाकावी लागतात, आणि जर्सीच्या पाठीवर ती बघताना प्रत्येक वेळी खटकतं.

स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) गेम घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. अडकून पडलेला गेमही चालू म्हणूनच मोजला जातो. लोगो हलत नसेल तर टास्क मॅनेजरमधून तो लगेच बंद करा आणि आधी युजर्समधलं आपलं फोल्डर कुठल्या लिपीत आहे ते बघा.