मिझोगुचींची दोन गिओनं: आधी कोणतं पाहाल?

जपानी दिग्दर्शक केन्जी मिझोगुचींनी क्योटोच्या गिओन वस्तीतल्या गेशांवर, म्हणजे गाण्या-नाचाने पुरुषांचं मन रिझवणाऱ्या कलावंतिणींवर, सतरा वर्षांच्या अंतराने दोन चित्रपट काढले: 'सिस्टर्स ऑफ द गिओन' (१९३६) आणि 'अ गेशा' (१९५३). दोन्ही कृष्णधवल, दोन्हींत एक थोरली आणि एक धाकटी. मिझोगुचींची स्वतःची बहीण गेशा म्हणून विकली गेली होती, हे ठाऊक असलं की दोन्ही जास्तच टोचतात.

१९३६च्या चित्रपटात थोरली उमेकिची दिवाळं निघालेल्या जुन्या आश्रयदात्याला घरात ठेवून घेते. बैठकीच्या लावणीत ज्याला 'मालक' म्हणतात, साधारण तेच नातं. धाकटी ओमोचा, म्हणजे 'खेळणं', तिला वेड्यात काढते. पुरुष आपल्याला विकत घेतात, मग त्यांना लुबाडलं तर बिघडलं कुठे? किमोनोच्या दुकानातल्या नोकराकडून ती बहिणीसाठी किमोनो उकळते आणि पुढे त्याच्या मालकालाच गळाला लावते. बराच वेळ आपण हसतो, तिच्या बाजूने. मग हिशेब चुकता होतो. इस्पितळातल्या खाटेवरचा तिचा शेवटचा आक्रोश पुढे कितीतरी दिवस कानात राहतो. ओमोचा झालेली इसुझु यामादा तेव्हा अवघ्या १९ वर्षांची होती.

'अ गेशा' मवाळ वाटतो, पण तसा नाही. आई वारलेली एइको मियोहारू या थोरल्या गेशाकडे शिकायला येते. गाणं, नाच, चहा सगळं रीतसर शिकते आणि युद्धानंतरच्या नव्या राज्यघटनेने आपल्याला कोणते हक्क दिले तेही विचारते. तिच्या पदार्पणाचे पैसे येतात चहाघराच्या, म्हणजे गेशांच्या बैठका जिथे होतात त्या घराच्या, मालकिणीकडून, मालकिणीला मिळतात एका कंपनीवाल्याकडून, आणि त्याला हवं असतं सरकारी कंत्राट. कर्जाची ही साखळी इतकी स्वच्छ दाखवली आहे की खलनायक शोधायची गरजच पडत नाही. बदल्यात मागितलेल्या शरीरसंगाला दोघी 'नाही' म्हणतात आणि त्यांना कामाची बोलावणी येणं बंद होतं. काझुओ मियागावांचा कॅमेरा मात्र गल्लीबोळांवर माया करतो.

गेशांचं जग अगदी नवं असेल, तर १९५३चा आधी पाहा. कोण कुणाचं देणं लागतं हे त्यात लख्ख कळतं. माझा जीव मात्र पहिल्यावरच, कारण ओमोचाला आवडून घेण्याची पर्वा नाही. जुन्या प्रतीची खरखर आणि दबलेला आवाज तेवढा चालवून घ्यावा लागेल.

खरं तर एक ६९ मिनिटांचा, दुसरा साधारण ८५. मध्ये चहा घेतलात तरी एका हिंदी सिनेमाच्या वेळेत दोन्ही उरकतात.