दोन उंचीचा ओटा : दहा महिन्यांचा अनुभव

गुहागरला आमचं जुनं जांभ्याचं घर आहे. गेल्या मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं. आता शिमगा आला, म्हणजे गणपतीतल्या मोदकांपासून रोजच्या पेजेपर्यंत सगळं या ओट्यावर होऊन गेलंय.

आम्हाला सरसकट 36 इंच उंची सांगितली होती. पण माझी उंची 5 फूट 3 इंच, सासूबाईंची 4 फूट 10, आणि दोघी रोज रांधतो. ओट्याचं माप कोपरावरून घ्यायचं असतं. ताठ उभं राहून हात कोपरात दुमडायचा, जमिनीपासून कोपर किती वर ते मोजायचं आणि त्यातून 4 ते 6 इंच वजा करायचे. चिरणं-निवडणं त्या उंचीवर नीट होतं. माझं कोपर साडेएकोणचाळीस इंचांवर, त्यांचं 36 वर. मधलं म्हणून 33 धरलं.

पण भाकरीचं काय? तिला वरून भार द्यावा लागतो. बांधकामाआधी मी टेबलावर पाट रचून 33 इंचांवर परात ठेवली आणि सासूबाईंना थापायला सांगितलं. दुसऱ्याच भाकरीला त्यांचे खांदे कानाशी आले. "अगो, हात वरून पडतच नाही," म्हणाल्या. मग एकेक पाट काढत गेलो. 28 वर तळहात सरळ खाली पडायला लागला, भाकरी परातीत आपसूक फिरली. तिथेच खूण केली.

म्हणून शेगडीचा भाग 28 इंचांवर घेतला आणि शेजारी परातीपुरती दीड फूट जागा ठेवली. शेगडी स्वतःच 5 इंच उंच, त्यामुळे तिची जाळी बाजूच्या ओट्याच्या पातळीला येते. मोठ्या टोपात डाव फिरवताना हात वर धरावा लागत नाही, आणि भरलेला टोप उचलावा न लागता अलगद बाजूला सरकतो. मोदकांची उकड गरम असतानाच मळावी लागते, तेव्हा या खालच्या ओट्याचं खरं सुख कळलं. 51 मोदक झाले तरी पाठ बोलली नाही.

दोन उंचींमधल्या पायरीच्या कोपऱ्यात मात्र पीठ आणि तेल साचतं, रोज पुसावं लागतं. ते चालतं मला.

चूक झाली ती सिंकच्या बाजूला. ती बाजू आधी बांधली आणि गवंड्याने माप फरशीखालच्या कोब्यापासून घेतलं. वर मसाला आणि फरशी बसून 2 इंच गेले, 33 चे 31 झाले. सिंक 8 इंच खोल, म्हणजे भांडी घासायची ती 23 इंचांवर, पार वाकून. खरं तर सिंक बाकी ओट्यापेक्षा उंचच हवं, कारण हात त्याच्या तळाशी चालतात. तूर्तास आत लाकडी पाट टाकून भागवतोय. कंबर दुखतेच.

कडप्प्याच्या खणांखाली पाय आत जायला 3 इंचांची खाच मात्र आठवणीने ठेवून घेतली. ती नसेल तर बोटं आपटतात, माणूस लांब उभा राहतो आणि उंची बरोबर असूनही वाकतो.

येत्या मे महिन्यात सिंकची बाजू 35 वर उचलून घेणार आहे. या वेळी माप तयार फरशीवरून, आणि गवंडी टेप लावेल तेव्हा मी शेजारी उभी असेन.