झुरळं मारायची जेल आणि सासूबाईंचा स्प्रे

आम्ही लालबागला चाळीत राहतो, मोरी ओट्याला लागूनच. त्यामुळे झुरळं नवी नाहीत. पण यंदा गणपती झाल्यावर मिक्सरखालून बारीक, फिकट तपकिरी निघायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "मोरीतल्यांची पिल्लं गं." म्हणून मोरीला नवी जाळी बसवली, रोज फिनेल ओतलं. फरक शून्य.

एका रात्री टॉर्च मारून बघितलं. अंगावर पूर्ण पंख, म्हणजे पिल्लू नव्हेच. डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ, मोठं होऊनही अर्ध्या इंचाचंच. मोरीतलं दीड इंची, लालसर, अंगावर उडून येणारं ते वेगळं. जर्मनला ऊब आणि फट लागते: फ्रिजची मोटर, मिक्सरचं बूड, ट्रॉलीच्या बिजागऱ्या.

आधी एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडून फवारणी करून घेतली होती. सगळी भांडी काढा, घासा, परत लावा. दहाव्या दिवशी मंडळी हजर. मग हार्डवेअरच्या दुकानातून झुरळांना खायला घालायच्या विषारी जेलची सिरिंज आणली, त्यात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक २.१५ टक्के. मसुराएवढे ठिपके बिजागऱ्यांत आणि फ्रिजमागे दिले. पोराचा हात पोचेल तिथे नाही. झुरळ खातं, फटीत जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीचीही मरतात. ऐकायला किळसवाणं आहे, पण तीच तर गंमत.

चौथ्या दिवशी सकाळी ओट्यावर सात उताणी! मी खूश. आणि त्याच दुपारी सासूबाईंनी एक जिवंत दिसलं म्हणून ट्रॉलीत स्प्रे मारला, थेट ठिपक्यांवर. स्प्रेच्या वासाने त्या जेलला एकही शिवलं नाही. सगळं पुसून पुन्हा दिलं. स्प्रे आता माझ्या कपाटात, कुलपात.

एकदा लावून भागत नाही. मादी अंड्यांची पिशवी फुटेपर्यंत अंगावर घेऊन फिरते, एकीत ३०-४० पिल्लं. म्हणून तीन आठवड्यांनी दुसरा हात दिला. आता महिनाभरात दोनच दिसलीत.

तक्रारी दोन. शेगडीजवळची जेल लवकर सुकते. आणि मोरीतल्या मोठ्यांचा बंदोबस्त हिने होत नाही, एक मेलं की गटारातून दुसरं वर येतं. तिथे जाळीच हवी.

उरलेली अर्धी सिरिंज शेजारच्या काकूंना दिली. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीतून पाइप एकच जातो ना.