प्रागमध्ये रस्त्यावर पैसे बदलू नका, आमचे 200 युरो गेले

मुलगा जर्मनीत ड्रेस्डेनला शिकतोय, गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. तिथून प्राग ट्रेनने जेमतेम अडीच तास, म्हणून एका रविवारी सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं असं ठरवलं. मुलाचं सबमिशन होतं त्यामुळे तो आला नाही, आम्ही दोघंच निघालो. हे सगळं सविस्तर लिहितेय कारण आपल्याकडचे खूप जण व्हिएन्ना प्राग बुडापेस्ट अशी ट्रिप करतात आणि प्रागला एखादाच दिवस देतात.

प्राग चेक प्रजासत्ताकात, तिथे युरो नाही, त्यांचं चलन कोरुना. आमच्याकडे आधीच युरो भरून घेतलेलं फॉरेक्स कार्ड होतं, पण दुसऱ्या चलनात वापरलं की क्रॉस करन्सी चार्ज लागतो म्हणून ह्यांचं म्हणणं की कॅशच बदलून घेऊ. स्टेशनवरून चालत वेन्सेस्लास चौकाकडे निघालो तर वाटेत एक एक्सचेंजचं काउंटर, त्यावर मोठ्या अक्षरात शून्य टक्के कमिशन. आम्ही तेवढंच वाचलं. खिडकीतल्या बाईने आधी एक कागद पुढे सरकवला, तो न वाचता 100 युरो दिले आणि हातात आले 1,720 कोरुना. त्या दिवसांत 1 युरोला 24 च्या वर मिळत होते, म्हणजे 700 च्या आसपास कोरुना तिथेच गेले. कमिशन शून्य, पण दरच इतका खाली! ह्यांनी बाहेर येऊन मोबाईलवर हिशोब केला तेव्हा कळलं. पुन्हा आत जाऊन विचारलं तर तिने नुसती मान हलवली, आणि 11 वाजता जुन्या चौकातलं प्रसिद्ध घड्याळ बघायचं होतं म्हणून आम्ही वाद न घालता निघालो.

तेव्हा निघालो ही पहिली चूक, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ते घड्याळ 1410 चं आहे. तासाला वरच्या खिडक्या उघडून एकेक संत पुढे सरकतात, बाजूचा सांगाडा घंटा वाजवतो आणि शेवटी कोंबडा आरवतो. खूप सुंदर आहे, पण माझं अर्धं लक्ष त्या 700 कोरुनांत होतं. गर्दी पांगल्यावर आम्ही अजून एका एक्सचेंजच्या बोर्डासमोर उभं राहून दर वाचत होतो, आता फसायचं नाही म्हणून अगदी नीट वाचत होतो, तेवढ्यात मागून एक माणूस आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, बघून ऑफिसातला वाटावा असा. चांगल्या इंग्लिशमध्ये म्हणाला, इथे बदलू नका, हे टुरिस्टना लुटतात. आमच्या मनातलंच बोलला ना तो. मग म्हणाला मला उद्या जर्मनीला जायचंय, युरो हवेत, आज रविवार, बँका बंद, मी तुम्हाला 26 चा दर देतो.

आता विचार केला तर बाजारात 24 असताना कोणी 26 कशाला देईल? पण सकाळी 17 मिळालेल्या माणसाला 26 ऐकून काय वाटतं ते ज्याचं गेलंय त्यालाच कळेल.

ह्यांनी 200 युरो काढले. त्याने एका बाजूला घेऊन आमच्यासमोर 5,200 मोजले, 1000 च्या पाच नोटा आणि सगळ्यात वर 200 ची एक. 200 ची नोट आम्ही सकाळी काउंटरवर पाहिली होती, ती खरीच होती. 1000 ची मात्र आम्ही तोवर पाहिलीच नव्हती, सकाळी आम्हाला 500 च्या नोटा मिळाल्या होत्या. हे खालच्या नोटा उलगडून बघणार एवढ्यात थोड्या अंतरावरून दुसरा एक जण पोलीस पोलीस असं काहीतरी म्हणाला, त्याबरोबर आमच्या समोरच्या माणसाने गडबडीने आमची मूठ मिटवली, ठेवा ठेवा म्हणाला आणि गर्दीत गेलाही. अर्धा मिनिटसुद्धा लागला नसेल.

मग चार्ल्स ब्रिज, तिथून 22 नंबरच्या ट्रामने किल्ला, सेंट व्हिटस कॅथेड्रल, सगळं भराभर. तोपर्यंत सकाळचेच पैसे पुरले.

चार वाजून गेल्यावर खाली उतरताना एका छोट्या दुकानात शिरलो, तिकडे गार्नेटचे, म्हणजे लाल खड्यांचे, दागिने फेमस आहेत, मला बहिणीसाठी कानातले घ्यायचे होते. ह्यांनी 1000 च्या दोन नोटा दिल्या. दुकानातल्या मुलीने त्या हातात घेतल्या, मागे वळवून पाहिल्या आणि हळूच परत काउंटरवर ठेवल्या. म्हणाली, ह्या बल्गेरियाच्या आहेत, जुन्या लेवा चलनाच्या. मग गल्ल्यातून खरी 1000 ची नोट काढून शेजारी ठेवली. खरी जांभळट, त्यावर फ्रांतिशेक पालात्स्की ह्या इतिहासकाराचं चित्र आणि सगळी अक्षरं रोमन. आमच्या नोटेवरची अक्षरं रशियनसारखी, सिरिलिक. शेजारी ठेवल्यावर पोरालासुद्धा कळेल, पण शेजारी ठेवायला आधी खरी नोट माहीत तर पाहिजे.

माझे हातपाय गार पडले. हे तर एक शब्द बोलेनात.

त्या मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं. सकाळच्या काउंटरचं सांगितल्यावर तिने विचारलं, पावती आहे का? होती, पर्समध्ये, वेळ 10:08. तिने सांगितलं की 2019 पासून त्यांच्याकडे कायदा आहे, 1000 युरोपर्यंतचा व्यवहार पावती घेऊन तीन तासांच्या आत त्याच ठिकाणी गेलं की रद्द करता येतो, पैसे परत द्यावेच लागतात. आम्हाला हे माहीत असतं तर सकाळी तिथेच उभं राहून 100 युरो परत घेतले असते, मन शांत असतं आणि त्या माणसाचं बोलणं इतकं पटलंच नसतं.

पोलिसांत जा म्हणाली, 158 नंबरही लिहून दिला. पण आमच्या परतीच्या ट्रेनला तासभर होता, तिकीट त्याच ट्रेनचं. चौकीत जाऊन सगळं सांगणार कधी आणि स्टेशन गाठणार कधी? एका दिवसासाठी आलेला माणूस तक्रार करायला थांबत नाही हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. तरी मी म्हणेन, शक्य असेल तर थांबा, आम्ही थांबलो नाही ह्याची खंत अजून वाटते.

रात्री मुलाने शोधून सांगितलं, बल्गेरियाने 1999 मध्ये तीन शून्यं काढून टाकली, जुने 1000 लेवा म्हणजे नवा 1. म्हणजे ह्या नोटा चालत असत्या तरी पाचही मिळून अडीच युरो. आणि दिले आपले वीस हजार रुपये.

जाणाऱ्यांनो, प्रागला कॅश जवळजवळ लागतच नाही. दुकानात, हॉटेलात, अगदी ट्राममध्येसुद्धा कार्ड टॅप करायचं मशीन आहे. क्रॉस करन्सी चार्ज लागू दे, आमच्यापेक्षा स्वस्तच पडेल. थोडी कॅश हवीच असेल तर बँकेच्या एटीएममधून काढा आणि मशीनने युरोत किंवा रुपयांत हिशोब करू का असं विचारलं तर नाही म्हणा, कोरुनातच घ्या. काउंटरवर बदलायचेच असतील तर पैसे खिडकीत सरकवायच्या आधी विचारा, एवढ्या युरोचे हातात किती मिळणार, आणि पावती फेकू नका. रस्त्यावर कोणीही, कितीही सज्जन दिसू दे, बोलायलासुद्धा थांबू नका.

पुढच्या महिन्यात नणंद आणि तिचे मिस्टर जाणार आहेत. त्या पाच नोटा मी तिच्या हातात दिल्या आणि शेजारी मोबाईलवर खऱ्या नोटेचा फोटो उघडून ठेवला. पाच मिनिटं निरखून बघत होती.