मुलाआधी घर: इंदूरच्या गिरणी भागातील एका ख्रिस्ती सेवा-केंद्राविषयी

शहरातल्या गरीब मुलांसाठी चालणाऱ्या बहुतेक उपक्रमांत मुलाला घरापासून वेगळे काढून त्याच्यावर काम होते: दप्तर दिले, शिकवणी लावली, वर्षातून एकदा सहल काढली, की झाले. इंदूरच्या जुन्या गिरणी भागात एका ख्रिस्ती संस्थेचे जे केंद्र आहे, ते नेमके उलट्या वाटेने जाते. तिथे आधी घर पाहतात, मग मूल. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाच्या निमित्ताने माझा या केंद्राशी संबंध आला आणि पुढे मी तिथे दहावीच्या मुलांना गणित शिकवू लागले, त्यामुळे मदत घेणाऱ्यांची बाजू आणि देणाऱ्यांची बाजू अशा दोन्ही मला जवळून पाहता आल्या. केंद्राचे नाव आणि पत्ता मी येथे देत नाही. तिथे येणाऱ्या कुटुंबांच्या अडचणीची चर्चा वस्तीभर होऊ नये, अशी तिथल्या लोकांची इच्छा आहे आणि ती मला पटते.

हा भाग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी या कापड गिरण्यांभोवती परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर, कुलकर्णी का भट्टा या वस्त्या वाढल्या आणि त्यांत महाराष्ट्रातून आलेली अनेक मराठी कुटुंबेही होती. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. 1990 च्या दशकाच्या आरंभी बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांची थकबाकी मार्गी लागायला 25 डिसेंबर 2023 उजाडला. त्या दिवशी सुमारे 224 कोटी रुपये त्यांच्यासाठी देण्यात आले, पण तोवर कितीतरी कामगार हयातच नव्हते. मधली तीन दशके ज्या घरांनी उधारीवर काढली, त्याच घरांतली नातवंडे आज या केंद्रात येतात. कोणी लग्नाच्या केटरिंगमध्ये वाढप्याचे काम करतो, कोणी लोडिंग रिक्षावर हमाली करतो, आणि ज्यांची झोपडी नाल्याकाठावरून हलवली गेली ती कुटुंबे शहराच्या कडेला 'मल्टी'त, म्हणजे सरकारी बहुमजली इमारतींत, राहतात, जिथून पूर्वीच्या कामावर यायचे म्हटले तरी भाड्याला पैसे लागतात.

केंद्रात नाव नोंदवायला गेलेल्या माणसाला अर्ज भरायला देत नाहीत. सिस्टर किंवा ताई पुढच्या काही दिवसांत घरी येतात आणि सोबत एक साधी लांबट वही आणतात. मावशींच्या घरी ती वही उघडली तेव्हा मी तिथे होते. सिस्टर केरळच्या, इंदूरमध्ये बरीच वर्षे घालवलेल्या, हिंदी अस्खलित आणि मराठी कामापुरती. "मावशी, महिन्याचं सगळं सांगा, लपवू नका, मी कोणाला सांगणार नाही," असे म्हणून त्यांनी खोलीचे भाडे, वीज, दूध, किराण्याची उधारी, भिशीचा हप्ता असे एकेक विचारून लिहून घेतले. सगळे झाल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "आणि ते व्याजाचं, सिस्टर. दहा टक्के महिना." मुलाच्या आजारपणात घेतलेल्या कर्जाचे हे व्याज होते आणि ते फिटावे म्हणून नातवाने शाळा सोडून गाड्या धुण्याचे काम धरले होते. सिस्टरांनी नातवाला एक शब्दही विचारला नाही. त्यांनी त्या आकड्याखाली दोनदा रेघ ओढली आणि पुढचा अर्धा तास फक्त त्या कर्जाविषयी बोलल्या: सावकार कोण, कागद काही आहे का, आजवर किती भरले, मुद्दल किती उरले.

कर्ज केंद्राने फेडले नाही. ते तसे करत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण एकाचे फेडले की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागेल आणि सावकारालाही कळेल की पैसे येण्याची नवी जागा झाली आहे. वस्तीतल्या बायकांचा बचत गट केंद्राच्या आधाराने चालतो, त्यातून कमी व्याजाने रक्कम उचलून मावशींनी जुने मुद्दल उतरवले, आणि सावकाराकडे हिशेब करायला केंद्रातले एक वयस्क ब्रदर त्यांच्याबरोबर गेले. सोबत कोणी शिकलेला, वस्तीत मान असलेला माणूस असला की हिशेब सरळ होतो, हे मी तेव्हा पाहिले. मुलगा शाळेत परतला तो या सगळ्यानंतर. आधी कोणी कितीही समजावले असते तरी तो परतला नसता.

माझ्या मते केंद्राची सर्वांत मोलाची सेवा कागदपत्रांची आहे, जिच्याकडे देणगीदारांचे लक्ष सहसा जात नाही. मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय, म्हणजे राज्य सरकारच्या ओळख क्रमांकाशिवाय, शिधा, शिष्यवृत्ती, महिलांना दरमहा पैसे देणारी लाडली बहना योजना यांपैकी जवळपास काहीच हलत नाही, आणि आपल्या मराठी कुटुंबांची नावे कागदोपत्री हमखास बिघडलेली असतात. एका कागदावर शिंदे, दुसऱ्यावर सिंदे. आधारवर वडिलांचे नाव मध्ये घातलेले, गुणपत्रिकेत गाळलेले. सासरी आलेल्या बाईचे आधार अजून माहेरच्या आडनावाचे. केंद्रात प्रत्येक कुटुंबाची एक प्लास्टिकची फाइल असते. तिच्या आतल्या बाजूस कोणत्या कागदावर नाव कसे आहे याचा तक्ता चिकटवलेला असतो, आणि कोणती दुरुस्ती आधी केली म्हणजे पुढची सोपी जाईल याचा क्रमही ताईंनी पेन्सिलीने लिहिलेला असतो. ज्याने अशी दुरुस्ती करायला सरकारी खिडकीसमोर दिवस घालवला आहे त्यालाच या तक्त्याची किंमत कळेल. वडील गमावलेल्या किंवा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांना केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेखाली महिना 4,000 रुपये प्रायोजकत्व मिळू शकते. शहरी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 96,000 रुपयांच्या आत असावे लागते. पात्र असूनही ज्यांना या योजनेचा पत्ता नव्हता, अशा आजी-मावश्यांना या फायलींच्या बळावर अर्ज करता आला.

बाल न्याय अधिनियम 2015 मध्ये मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. ख्रिस्ती सेवेचा आपल्याकडचा जुना चेहरा मात्र वसतिगृह आणि अनाथालयाचा आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये शारदा सदन काढले तेव्हा ज्यांना घराचेच दार बंद झाले होते त्यांच्यासाठी वेगळे छप्पर उभारणे ही निकड होती, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या मुली-बायकांना दुसरा आसराच नव्हता. या वस्तीतल्या मुलांना घर आहे, ते मोडकळीस आले आहे एवढेच. ते सावरण्याचे काम वसतिगृह चालवण्यापेक्षा कष्टाचे आहे आणि त्याचे छायाचित्रही चांगले येत नाही.

तरुण मुलांच्या बाबतीत केंद्राचा एक नियम मला विशेष वाटला. या भागात पंक्चरचे सॉल्यूशन रुमालात ओतून हुंगण्याचे व्यसन बारा-तेरा वर्षांच्या पोरांपर्यंत पोहोचले आहे. संध्याकाळच्या अभ्यासाला एखादा मुलगा तसा वास घेऊन आला तर त्याला हाकलून देत नाहीत, पण वर्गातही घेत नाहीत. बाहेरच्या खोलीत बाकावर बसवतात, पाणी आणि जेवण देतात, आणि एक ब्रदर त्याच्याजवळ नुसते बसून राहतात. उपदेश त्या दिवशी नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलगा शुद्धीवर असताना, ते त्याच्या घरी जातात. एकदा एका मुलाने बाकावरूनच मला विचारले, "मॅडम, उद्या आलो तर बसू द्याल ना आत?" ब्रदर म्हणाले, "उद्याचं उद्या, आज जेव." तो दुसऱ्या दिवशी आला नाही, त्यानंतरही बरेच दिवस नाही. त्याचे नाव हजेरीतून काढले गेले नाही, आणि तो परत आला तेव्हा कोणी त्याला कुठे होतास म्हणून उभे केले नाही. दहावी-बारावीत नापास झालेल्यांना राज्य मुक्त शाळा मंडळाच्या 'रुक जाना नहीं' योजनेतून पुन्हा परीक्षेला बसवतात. ही योजना 2016 मध्ये सुरू झाली, पण तिचा अर्ज वेळेत भरून देणारे कोणी नसले तर ती असून नसल्यासारखी. अभ्यासात मन न रमणाऱ्यांना नंदानगरच्या शासकीय आयटीआयचा रस्ता दाखवतात.

आता धर्माविषयी, कारण हा प्रश्न मला सर्वांनी विचारला आणि तो विचारण्यात गैर काही नाही. केंद्र आपली श्रद्धा लपवत नाही. दारात क्रूस आहे, बुधवारी संध्याकाळी मागच्या खोलीत प्रार्थनासभा असते, तिथे वस्तीतल्या काही मराठी ख्रिस्ती आजीबाई टाळ-खंजिरीवर भजने म्हणतात आणि त्यांचा आवाज माझ्या गणिताच्या वर्गापर्यंत येतो. वर्गातल्या मुलांना त्या सभेला बोलावले जात नाही. अभ्यासाआधी मिनिटभर सगळे डोळे मिटून शांत बसतात आणि ज्याने त्याने आपापल्या देवाचे नाव घ्यावे असे सांगितलेले आहे. मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम 2021 नुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू, नोकरी, इतकेच काय धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले शिक्षणही येते. केंद्र मुलांना मिशनच्या शाळेत घालत नाही. मूल ज्या शाळेत आहे तिथेच त्याची फी आणि पुस्तके पाहते. मी स्वतः घरी गणपती बसवणारी बाई आहे. मला किंवा मावशींना कधीही, आडवळणानेही, कोणी धर्म बदलण्याविषयी बोललेले नाही, आणि तसे झाले असते तर मी ते येथे तितक्याच स्पष्टपणे लिहिले असते.

इंदूरला ही परंपरा नवी नाही. इंदूर ख्रिश्चन कॉलेज 1887 पासून आहे. शेजारच्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात सावकारीखाली दबलेल्या आदिवासींना संघटित करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमध्ये हत्या झाली, आणि पुढे त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली आणि त्यांच्या बहिणीने त्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच त्यांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आले. त्यांचे चित्र केंद्राच्या कार्यालयात आहे. सिस्टर जेव्हा व्याजाच्या आकड्याखाली रेघ ओढतात तेव्हा त्या कोणाच्या पाठोपाठ चालत आहेत, हे त्या चित्राकडे पाहून उमगते.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली म्हणजे घरातले पुरुष. केंद्राचे सारे काम आई, आजी आणि मुलांभोवती फिरते; दारू पिणारा किंवा काम सुटलेला बाप त्या वहीत केवळ खर्चाची एक ओळ म्हणून येतो. घर हाच पाया मानायचा तर बापाशी बोलणारे, त्याला व्यसनमुक्तीपर्यंत नेणारे कोणी हवे. दुसरी, अठरा वर्षे झाली की मुलगा केंद्राच्या यादीतून बाहेर पडतो, आणि पहिली नोकरी, पहिला पगार, पहिली उधारी या नेमक्या घसरड्या काळात त्याच्यामागे कोणी उरत नाही. तिसरी अडचण मोठ्या मुलींची आहे. संध्याकाळचे वर्ग संपेपर्यंत अंधार पडतो, आणि पोहोचवायला कोणी नसल्याने नववीपासून मुलींची गळती सुरू होते. यावर मी अनेकदा बोलले, दुपारचा एक वर्ग सुरू करायचे ठरलेही, पण शिक्षिका मिळाली नाही म्हणून ते राहिले. ते राहायला नको होते.

पैशाची बाजू ओढगस्तीची आहे. परदेशी अंशदान कायद्यात 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आहे. मुख्यतः माणसांच्या वेळेवर उभ्या असलेल्या अशा कामाला ती मर्यादा जड जाते, कारण इथे ताईंचे घरोघर फिरणे हीच सेवा आहे. तरीही केंद्राने वर्षाचा जमाखर्च कार्यालयाच्या फळ्यावर लावावा. मागितला तर ते दाखवतात, मी पाहिला आहे, पण मागावा लागू नये.

ज्यांना या केंद्राची गरज आहे त्यांनी जवळच्या कोणत्याही चर्चच्या कार्यालयात विचारावे, पत्ता मिळतो. मूल संकटात असेल तर मात्र आधी 1098 वर फोन करावा. पहिल्या भेटीला आधार, समग्र आयडी आणि मुलाची शेवटची गुणपत्रिका असेल ती न्यावी, नसेल तरी जावे. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी जुने कपडे नेऊ नयेत, ते ठेवायला तिथे जागा नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी एखाद्या आजीबरोबर सरकारी कार्यालयात जाऊ शकेल असा माणूस हवा आहे, आणि दुपारी तीन ते पाच मुलींना विज्ञान शिकवणारी एक शिक्षिका.