गोठत्या तलावावरची बदकं आणि कोवा टीएसएन-८८३

थंडी वाढली की उथळ तळी आधी गोठतात, खोल तलाव शेवटी. आसपासची सगळी बदकं मग उरलेल्या उघड्या पाण्यात दाटी करतात आणि स्म्यू किंवा लाँग-टेल्ड डकसारखा दुर्मीळ पाहुणा त्याच गर्दीत सापडतो. पण ते पाणी असतं तलावाच्या मध्यावर. नव्या बर्फावर पाऊल टाकायचंच नाही, त्यामुळे काठावरूनच बघावं लागतं आणि १० पटींची दुर्बीण अपुरी पडते. या कामाला कोवा टीएसएन-८८३ हा पुढचं भिंग ८८ मिमी व्यासाचं असलेला स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण), २५-६० पटींच्या आयपीससह (डोळ्याजवळच्या भिंगासह), फार चांगला आहे.

त्याची खरी ताकद फ्लोराइट स्फटिकाच्या भिंगात आहे. मर्गँसर या बदकांच्या दोन जातींच्या माद्या बघा: कॉमन मर्गँसरमध्ये तपकिरी डोकं आणि पांढुरकी छाती यांच्यात रेघ मारल्यासारखी सीमा असते, हनुवटीही स्वच्छ पांढरी, रेड-ब्रेस्टेडमध्ये तपकिरी रंग हळूहळू फिका होत जातो. साध्या भिंगात बर्फासमोरच्या पक्ष्याच्या कडांना जांभळट झालर येते आणि नेमका हा फरक बुजतो. इथे ती जवळजवळ दिसतच नाही.

६० पटींच्या मोहात मात्र पडू नका. उघडं पाणी हवेपेक्षा गरम असतं, म्हणून त्यावरची हवा थरथरते. पहाटे तर वाफच उठते. बहुतेक वेळा ३०-४० पटींतच स्पष्ट दिसतं. स्कोप अर्धा तास आधी बाहेर ठेवा. हीटर चालू असलेल्या गाडीच्या खिडकीतून बघू नका, चित्र उकळल्यासारखं हलतं. शोधताना २५ पटींवर सावकाश फिरवा आणि तोच पट्टा पुन्हा दोनदा बघा, कारण बुड्या मारणारी बदकं अर्धा-अर्धा मिनिट पाण्याखाली असतात.

आत नायट्रोजन असल्याने आतून वाफ धरत नाही, बाहेरून धरते. मफलर नाकावर असला की श्वास वर वळतो आणि थेट आयपीसवर जातो. तो हनुवटीखाली घ्या. परतताना स्कोप बाहेरच पिशवीत बंद करा आणि घरात तासाभराने उघडा.

वजन ही मोठी अडचण. आयपीस सोडूनच दीड किलो भरतं, हलक्या ट्रायपॉडवर वाऱ्यात सगळं थरथरतं. ट्रायपॉडचा मधला दांडा खाली ठेवा, त्याला वजनासाठी पिशवी टांगा. बजेट कमी असेल तर स्कोप ६५ मिमीच्या आसपासचा घ्या, पण ट्रायपॉड दणकटच हवा.