कियांती क्लासिको: दहा महिन्यांनंतर

गेल्या सप्टेंबरात नोकरीसाठी फ्लॉरेन्सला आलो, तेव्हापासून आठवड्याला या इथल्या रेड वाइनची साधारण एक बाटली हा हिशेब आहे. पहिलीच्या वेळी पैसे पाण्यात गेले असं वाटलं होतं. सोफ्यावर बसून नुसतीच प्यायलो, चकण्याला शेंगदाणे. आंबट, आणि वर कच्चं जांभूळ चावल्यासारखी तुरट.

मग एकदा वरच्या मजल्यावरच्या आजींनी रिबोलिता दिलं. शिळा पाव, काळा कोबी आणि पांढऱ्या घेवड्याचं दाट सूप, वरून ऑलिव्ह तेलाची सढळ धार. त्याबरोबर तीच वाइन, आणि तोच आंबटपणा तेल कापत तोंड स्वच्छ करत होता. ही जेवणाची वाइन आहे, एवढं कळायला मला दीड महिना लागला. टोमॅटो, मांस, जुनं चीज, सगळ्याशी जमतं. तांबड्या रश्शाशी मात्र अजिबात नाही, तिखटापुढे नुसता जाळ होतो. पांढऱ्या रश्शाबरोबर चालून गेली.

घेताना बाटलीच्या गळ्यावरचा काळा कोंबडा बघा. नुसतं ‘कियांती’ लिहिलेली वाइन बऱ्याच मोठ्या प्रदेशातून येते. फ्लॉरेन्स आणि सिएनामधल्या मूळ टेकड्यांची ती ‘क्लासिको’. टस्कनीचा तेव्हाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा मेदिची याने 1716 मध्येच या भागाची हद्द आखून दिली होती. कोंबड्याची दंतकथा मला फार आवडते. दोन्ही शहरांचे घोडेस्वार कोंबडा आरवला की निघणार आणि भेटतील तिथे सीमा, असं ठरलं. सिएनाने आपला पांढरा कोंबडा खाऊ घालून पोसला, फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा उपाशी ठेवला. तो बिचारा पहाटेच्या कितीतरी आधी ओरडला, आणि जवळजवळ सगळं कियांती फ्लॉरेन्सच्या पदरात पडलं. (कोंबड्याला नंतर दाणे मिळाले का, ते कोणी सांगत नाही.)

आत निदान 80 टक्के सान्जोवेझे द्राक्ष असतं. पूर्वी पांढरी द्राक्षंही मिसळत, 2006 पासून ती बंद. 24 महिने मुरवलेली रिझेर्वा सणावाराला ठीक. 30 महिन्यांची ग्रान सेलेत्सिओने वाढदिवसाला आणली, पण लाकडाचा वास पुढे आणि चेरीसारखा स्वाद मागे. तिप्पट पैसे मोजण्यासारखं मला काही सापडलं नाही. रोजच्यासाठी साधी, चौदा-पंधरा युरोची, तीच खरी.

तक्रारी आहेतच. उघडलेली बाटली तिसऱ्या दिवशी बसते. एकीला ओल्या गोणपाटाचा वास होता, बूच खराब. दुकानदाराने कुरकुरत बदलून दिली. आणि इथल्या जुलैत ‘खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला निव्वळ विनोद आहे, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवाच.

मे महिन्यात आई-बाबा आले होते. बाबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, म्हणाले, “अरे, हा तर काढा!” मग पेकोरीनो चीजचा तुकडा तोंडात टाकला, आणखी एक घोट घेतला, आणि काही न बोलता ग्लास माझ्यापुढे सरकवला. भरायला.